सन्मान निधीचे हप्ते परत करायचेत? आधी एवढं जमवा

सगळ्यांत आधी घरातली पासबुकं भरून आणा. सगळी म्हणजे सगळी, कपाटात तळाशी पडलेलं पोस्टाचंसुद्धा. पीएम-किसानचे, म्हणजे केंद्राच्या शेतकरी सन्मान निधीचे, पैसे सुरुवातीला फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात यायचे, पुढे आधार ज्या खात्याला जोडलंय तिथे जायला लागले. माझे पहिले हप्ते सोसायटीच्या कर्जासाठी उघडलेल्या जुन्या खात्यात होते आणि नंतरचे भलत्याच बँकेत. हप्ते परत करा असं सरकारी पत्र हातात पडलं तेव्हा मी छातीठोकपणे म्हणालो होतो, "मला एवढे आलेलेच नाहीत." आले होते.

पासबुक भरून झालं की पेन्सिल घेऊन बसा. आपल्या कोकण किनारपट्टीला हे काम जरा किचकट आहे, कारण त्या वर्षांत खात्यात सरकारी पैसा बऱ्याच वाटांनी आला. ३ जून २०२० चं निसर्ग, मे २०२१ चं तौक्ते, या चक्रीवादळांची नुकसानभरपाई. कुणाला आंब्याच्या किंवा काजूच्या फळपीक विम्याचे पैसे. त्यांचा इथे संबंध नाही, त्यांना हात लावू नका. आपल्याला हव्यात २,००० रुपयांच्या नोंदी, वर्षाला ३, दर ४ महिन्यांच्या हिशेबाने. २०२३ च्या ऑक्टोबरपासूनच्या नोंदी तर जास्तच डोळे उघडे ठेवून बघा. तेव्हापासून राज्याचा नमो शेतकरी महासन्मान निधी सुरू झाला आणि त्याचाही हप्ता २,००० चाच. म्हणजे एकाच आकड्याच्या दोन नोंदी, एक दिल्लीची, एक मुंबईची. त्यांच्यावर दोन वेगळ्या रंगांत खुणा करा. परत करायची वेळ आली की दोन्हींच्या वाटा वेगळ्या असतात.

मग पीएम-किसानच्या संकेतस्थळावर जाऊन 'नो युवर स्टेटस'मध्ये नोंदणी क्रमांक टाका आणि तिथे दिसणारे हप्ते पासबुकाशी ताडून घ्या. नोंदणी क्रमांक आठवत नसेल तर आधार किंवा मोबाइल क्रमांकावरून तो तिथेच सापडतो, फक्त ओटीपी येणारा मोबाइल जवळ हवा. आमच्याकडे बऱ्याच म्हाताऱ्यांच्या आधारला मुंबईतल्या मुलाचा नंबर जोडलेला असतो. त्या मुलाला आधी फोन करून ठेवा, नाहीतर तो लोकलमध्ये लटकलेला आणि तुम्ही इकडे ओटीपीची वाट बघत बसलेले.

आता खरा प्रश्न: परत का करायचे? इथे घाई करू नका. नोटीस आली म्हणून डोळे मिटून पैसे भरणारे मी पाहिलेत, आणि खरोखर अपात्र असून "बघू, कोण विचारतोय" म्हणणारेही. दोघांनीही नियम वाचलेला नसतो. आपल्यासारख्या धंदा करणाऱ्यांना लागू पडणारं कलम हे, की मागच्या कर निर्धारण वर्षात ज्याने आयकर भरला तो अपात्र. शब्द 'भरला' आहे. नुसतं रिटर्न भरणं म्हणजे कर भरणं नव्हे. किनाऱ्यावर घरगुती निवास चालवणारे, कोकम-आगळ विकणारे, पर्यटकांसाठी होडी किंवा टमटम ठेवणारे कितीतरी जण केवळ बँकेच्या कर्जासाठी रिटर्न भरतात आणि त्यांचा कर शून्य निघतो. २०१९-२० पासून ५ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलत मिळून कर शून्यावर येतो, नव्या करपद्धतीत तर ही मर्यादा त्याहून वर गेली. बँकेने कापलेला टीडीएस पूर्ण परत मिळाला असेल तरी कर शून्यच. तेव्हा त्या त्या वर्षाच्या रिटर्नची पोच काढा आणि तिच्यासोबत आयकर खात्याकडून मेलवर येणारी कलम १४३(१) ची सूचना. त्या सूचनेत देय कर किती होता हे स्पष्ट असतं. तिथे शून्य असेल तर ती कागदपत्रं लावून तहसील कचेरीत लेखी खुलासा द्या, पैसे नंतर.

वर्षाचा घोळही इथेच होतो. २०२१-२२ ची कमाई म्हणजे कर निर्धारण वर्ष २०२२-२३. माझं नेमकं असंच झालं. २०१९ मध्ये फॉर्म दिला तेव्हा बागेतली आंब्याची ४० कलमं आणि दोन खोल्या एवढाच पसारा होता, कर कुठला लागायला. टाळेबंदी उठल्यावर मुंबई-पुण्याची माणसं समुद्रावर लोटली, खोल्या दोनाच्या पाच झाल्या आणि २०२१-२२ च्या कमाईवर पहिल्यांदा कर भरला. आंब्याचं उत्पन्न शेतीचं, त्यावर कर नाही, पण खोल्यांचं भाडं आणि जेवणाचे पैसे हा धंदा. कर भरल्याचा मला तेव्हा अभिमानच वाटला होता. हप्ते त्यानंतरही येत राहिले, आणि आपण खोटं काही लिहून दिलेलं नसल्यामुळे डोक्यातही आलं नाही. पत्रात ७ हप्ते होते, १४,०००.

कराशिवायची कारणंही एकदा पडताळून घ्या. योजनेतलं कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालची, मुलं, आणि लाभ त्यांच्यापैकी एकाला. वैनींचं नाव माहेरच्या सातबाऱ्यावर आणि दादांचं इकडच्या, म्हणून दोघांनी फॉर्म भरले, अशी उदाहरणं प्रत्येक वाडीत आहेत. सामाईक सातबाऱ्यावरच्या सख्ख्या भावांचं मात्र तसं नाही, त्यांची कुटुंबं वेगळी. सरकारी, निमसरकारी किंवा महापालिकेच्या नोकरीतून निवृत्त होऊन गावी आलेले, चतुर्थ श्रेणीवाले सोडून, अपात्र. महिना १०,००० किंवा जास्त पेन्शन असलेलेही. जमीन १ फेब्रुवारी २०१९ नंतर खरेदीने नावावर आली असेल तर लाभ नाही, वारसाने आली असेल तर चालतं. आणि आबा गेल्यावरही त्यांच्या खात्यात हप्ते येत राहिले असतील तर मृत्यूचा दाखला काढून ठेवा. त्या खात्यातून एटीएमने पैसे काढू नका, काढले असतील तर आकडा खरा सांगा.

आता पैसे. नोटिशीत आकडा आणि भरायची पद्धत दिली असेल तर तीच धरा. स्वतःहून परत करणार असाल तर संकेतस्थळावर शेतकऱ्यांच्या विभागात 'रिफंड ऑनलाइन' आहे. तिथे आधार, खाते किंवा मोबाइल क्रमांक टाकला की परतफेड निघते का ते दिसतं. निघत असेल तर पुढचा भरणा भारतकोशवर होतो, म्हणजे केंद्राच्या तिजोरीत. कधी कधी तुम्ही कुठल्याही परतफेडीला पात्र नाही असा संदेश येतो. तेवढ्यावर हुरळून जाऊ नका. संगणकाला तुमचा कर अजून दिसला नसेल, पण तुम्हाला तर माहीत आहे. त्या पानाची छापील प्रत घ्या आणि तहसील कचेरीत विचारा. नमोचे हप्ते राज्याचे, ते भारतकोशवर ढकलू नका. कुठे आणि कोणत्या नावे भरायचे हे कचेरीकडून लेखी घ्या.

भरणा पावसाच्या दिवशी करू नका. हे थट्टेने नाही सांगत. जुलैत आमच्याकडे वीज जाते, तिच्यामागून रेंज जाते, खात्यातून पैसे कापले जातात आणि पडद्यावर गोल गोल फिरत राहतं. तसं झालंच तर पुन्हा भरू नका. आधी खातं बघा, मग भारतकोशवर व्यवहाराची स्थिती. पावती आली की लगेच उतरवून घ्या, व्यवहार क्रमांक हाताने वहीत लिहा आणि दोन प्रती छापा. रोखीने कुणाच्या हातात देऊ नका, तो कितीही ओळखीचा असला तरी. रोख भरायलाच सांगितलं तर शासकीय पावती पुस्तकातली, सही-शिक्क्याची पावती मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर 'पीएम-किसान'च्या नावाने येणारी एपीके फाइल, म्हणजे मोबाइलवर अ‍ॅप टाकणारी फाइल, उघडू नका. परतफेडीच्या धास्तीत असलेला माणूस अशा फाइलवर पटकन बोट ठेवतो आणि खातं रिकामं होतं. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का तेवढं बघा.

हातात पैसे नसतील तर गप्प बसू नका, मुदतीआधी अर्ज द्या. आमचे पैसे एप्रिल-मेचे. आंब्याच्या पेट्या जातात, खोल्या भरतात, आणि १ जूनला होड्या वर ओढल्या की गल्ला थंडावतो. हंगाम कधी, किती रक्कम कधी भरू शकता हे साध्या मराठीत अर्धं पान लिहा. "मी गरीब शेतकरी आहे" एवढंच लिहिलेला अर्ज कुणी वाचत नाही, तारीख आणि आकडा असलेला वाचला जातो.

पैसे भरल्यावर बहुतेक जण घरी येऊन झोपतात, आणि पुढच्या चौकशीत त्यांनाच पुन्हा पत्र येतं. पावतीची प्रत, पासबुकाच्या त्या पानांची प्रत आणि तहसीलदारांच्या नावे एक अर्ज असा गठ्ठा कचेरीत द्या. अर्जात नोंदणी क्रमांक, हप्त्यांची संख्या, रक्कम, व्यवहार क्रमांक आणि 'माझं नाव वसुलीच्या यादीतून वगळावं' हे वाक्य हवं. आपल्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. माझी पहिली प्रत शिक्क्याविना होती, ज्यांनी ती घेतली त्यांची महिन्याभरात बदली झाली आणि नव्या साहेबांनी विचारलं, "कुठला अर्ज?" गावातल्या तलाठ्यांना आणि कृषी सहायकांनाही एक एक प्रत द्या, कारण पडताळणीची यादी फिरून त्यांच्याचकडे येते.

लाभ बंद करायचं विसरू नका. संकेतस्थळावर स्वेच्छेने लाभ सोडण्याचा पर्याय आहे, आधार ओटीपीने होतो. तो केला नाही तर इकडे तुम्ही १४,००० भरता आणि तिकडे नवे २,००० येऊन बसतात. ४ महिन्यांनी, पुढचा हप्ता जमा झाल्याची बातमी आली की, पुन्हा एकदा सगळी पासबुकं घेऊन बँकेत जा. पोस्टाचंसुद्धा.