फोटोतला जुना बेसबॉलपटू ओळखायचाय? या चुका टाळा

जुन्या अमेरिकन बेसबॉलपटूंचे कृष्णधवल फोटो दाखवून 'हा कोण?' विचारणाऱ्या स्पर्धा वरवर सोप्या वाटतात. बेब रूथ, टाय कॉब, जॅकी रॉबिन्सन ही नावं तोंडावर असतातच. पण स्पर्धा घेणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. म्हणून तो त्यांचाच नंबर लावलेला दुसरा कुणी शोधून आणतो, नाहीतर त्यांनाच भलत्या टीमच्या कपड्यांत समोर उभं करतो. आणि आपण अलगद सापडतो.

सापडतो कारण सगळेजण चेहऱ्यापासून सुरुवात करतात. कॅपची सावली डोळ्यांवर, उन्हाने बारीक केलेले डोळे, गालात तंबाखूचा तोबरा: अशा फोटोत सख्खा भाऊसुद्धा ओळखू येणार नाही. चेहरा सगळ्यात शेवटी बघा. आधी कपडे, मग हात.

नंबर म्हणजे माणूस नव्हे

१९२९ मध्ये न्यूयॉर्क यांकीज आणि क्लीव्हलंड या टीम पाठीवर कायमचे नंबर लावू लागल्या. यांकीजनी ते बॅटिंगच्या क्रमाने वाटले. रूथ तिसरा यायचा म्हणून ३, गेरिग चौथा म्हणून ४. १९३७ पर्यंत अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही मोठ्या लीगमधल्या सगळ्या टीमच्या पाठीवर नंबर आले.

यातून दोन घोटाळे होतात. पहिला म्हणजे, खेळाडू समोरून दिसतोय, छातीवर नंबर नाही, म्हणून लोक फोटो १९२९ च्या आधीचा धरतात. पण छातीवरचा नंबर ब्रुकलिन डॉजर्सनी आणला तो १९५२ मध्ये. त्यामुळे समोरून काढलेल्या १९४० च्या फोटोत नंबर दिसणारच नाही. पाठ दिसत नसेल तर नंबरच्या जोरावर सालाचा निकाल लावू नका. (पाठीवर नाव यायला तर १९६० उजाडलं, शिकागो व्हाइट सॉक्सच्या जर्सीवर.)

दुसरा घोटाळा जास्त महागात पडतो. यांकीजची जर्सी, पाठीवर ३, लिहा बेब रूथ! पण रूथने टीम सोडल्यावर १९३५ पासून तो नंबर जॉर्ज सेल्कर्क घालत होता. हा नंबर कायमचा राखून ठेवला गेला तो १३ जून १९४८ ला. त्याच दिवशी नॅट फाइनने आजारी रूथचा पाठमोरा फोटो काढला आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. पाठमोरा असूनही ज्याच्याबद्दल शंका राहत नाही, असा मला तरी हा एकच फोटो माहीत आहे. बाकी ठिकाणी साल जुळवून घ्या. जो डिमॅजिओ पहिल्या वर्षी, १९३६ मध्ये, ९ नंबर घालायचा. ५ नंतरचा. मिकी मँटल १९५१ मध्ये आला तेव्हा पाठीवर ६ होता, ७ नव्हता. शंका आली तर बाहीकडे बघा. त्या वर्षी अमेरिकन लीगला पन्नास वर्षं झाली म्हणून बाहीवर खास बिल्ला होता. १९३९ मध्येही असाच एक बिल्ला होता, बेसबॉलच्या मानलेल्या शताब्दीचा. बाहीवरचा बिल्ला वाचता आला की साल हातात आलंच म्हणून समजा. काळी पट्टी मात्र सांभाळून. १९२० मध्ये क्लीव्हलंडचा रे चॅपमन डोक्याला चेंडू लागून मरण पावला, तेव्हा टीमने ती घातली होती हे खरं. पण सुतकाच्या पट्ट्या इतर टीमनीही वेळोवेळी घातल्या आहेत.

छातीवरच्या अक्षरांचंही तसंच. नुसता 'बी' बॉस्टनचा असू शकतो आणि ब्रुकलिनचाही. 'सी' वर तर शिकागो, सिनसिनाटी आणि क्लीव्हलंड असे तिघे दावेदार. पिट्सबर्ग पूर्ण लिहिलेलं असेल तर नशीब समजा आणि शेवटचा 'एच' आहे का बघा. १८९१ पासून १९११ पर्यंत सरकारी स्पेलिंगमध्ये तो नव्हता. 'एच' नसलेला शर्ट दिसला की पिट्सबर्गच्या होनस वॅग्नरच्या काळात शोधायला लागा.

डावं-उजवं तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका

जुने फोटो काचेच्या निगेटिव्हवरून छापलेले असतात आणि काच उलटी लागली की उजवा माणूस डावखुरा होतो. हे काही फक्त शंभर वर्षांपूर्वी घडत नव्हतं. खेळाडूंच्या फोटोंची कार्डं छापणाऱ्या टॉप्स कंपनीच्या १९५७ च्या कार्डावर हँक ॲरन डावखुरा बॅटर दिसतो आणि त्याचा ४४ नंबरही उलटा आहे. आधी अक्षरं बघा. 'बी' किंवा 'एस' उलटा असेल तर लगेच कळतं. पण साधा 'ए' आरशातही 'ए'च दिसतो. अशा वेळी बटणपट्टी बघायची. पुरुषांच्या शर्टात घालणाऱ्याच्या डाव्या बाजूची पट्टी वर येते, म्हणजे आपल्याला ती उजवीकडून वर आलेली दिसली पाहिजे. तसं नसेल तर फोटो उलटा आहे.

याला एक अपवाद आहे आणि तो मला फार आवडतो. १९५९ च्या कार्डावर लू बर्डेट डाव्या हाताने पिचिंगच्या तयारीत उभा आहे. फोटो सुलट आहे. उजव्या हाताने टाकणाऱ्या या पठ्ठ्याने डावखुऱ्याचा ग्लोव्ह घालून फोटोग्राफरची फिरकी घेतली आणि कंपनीने तो तसाच छापला.

फोटो सुलट आहे हे ठरलं की बॅटिंगचा हात आणि फेकीचा हात वेगवेगळे बघा. क्रिकेट पाहणाऱ्याला हे समजवावं लागू नये. सौरव गांगुली बॅटिंग डाव्याने करायचा, गोलंदाजी उजव्याने. कॉब, शूलेस जो जॅक्सन, एडी कॉलिन्स तिघेही तसेच होते. रूथ आणि ट्रिस स्पीकर दोन्हीत डावखुरे. आणि ग्लोव्ह फेकीच्या उलट्या हातात असतो, हे घाईत हमखास विसरलं जातं.

वेनर बंधूंवर तर ही युक्ती जादूसारखी चालते. पॉल आणि लॉइड, दोघे पिट्सबर्गचे, दोघे आउटफिल्डर, दोघे अंगाने किरकोळ, दोघे डावखुरे बॅटर. चेहऱ्यावरून भांडत बसाल तर रात्र सरेल. ग्लोव्ह बघा. पॉल डाव्याने फेकायचा म्हणून त्याचा ग्लोव्ह उजव्या हातात, लॉइडचा डाव्या हातात.

रंगावरून टीम ठरवू नका

१९२० च्या दशकापर्यंत जी फिल्म आणि काचा सर्रास वापरात होत्या त्यांना लाल रंग जवळजवळ दिसतच नव्हता आणि निळा गरजेपेक्षा जास्त दिसायचा. त्यामुळे लाल मोजे काळे उमटतात आणि निळा रंग फिका पडतो. 'मोजे काळे आहेत, म्हणजे बॉस्टन रेड सॉक्स नक्कीच नाही' हे तर्कट इथेच कोसळतं. चेहऱ्यालाही हाच नियम लागू. रापलेली त्वचा आहे त्याहून काळी दिसते आणि निळे डोळे भुतासारखे पांढुरके. हल्ली संगणकाने रंगवलेले फोटो फिरतात. त्यातला रंग म्हणजे यंत्राचा अंदाज, पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य.

फोटोखालच्या नावावर डोळे झाकून विश्वास

लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे जॉर्ज ग्रँथम बेन यांच्या वृत्तछायाचित्र संस्थेच्या काचा आहेत. त्यांवर हाताने खरडलेलं असतं फक्त आडनाव आणि टीम, तेही कधी चुकीच्या स्पेलिंगमध्ये, कधी भलत्याच माणसाचं. सिगारेटच्या पाकिटातून येणाऱ्या १९०९–११ च्या कार्डांमध्ये जो डॉयलला न्यूयॉर्कच्या नॅशनल लीगमधल्या टीमचा करून टाकलं होतं. त्या टीमचा डॉयल होता लॅरी! टॉप्सच्या १९६९ च्या ऑरेलिओ रॉड्रिगेझच्या कार्डावर तर फोटो चक्क टीमच्या बॅटबॉयचा, म्हणजे बॅटी सांभाळणाऱ्या पोऱ्याचा आहे. इमेज सर्चने दहा ठिकाणी तेच नाव दाखवलं तर दहा साक्षीदार मिळाले असं समजू नका. बहुधा एकाचंच नऊ जणांनी उतरवलेलं असतं. आणि फोटो धूसर आहे म्हणून एआयकडून 'साफ' करून घेऊ नका. ते हरवलेला कान स्वतःच्या मनाने काढून देतं. आणि नेमका कानच तर हवा असतो. पाळी सुटी की चिकटलेली, वरची कड कशी वळलेली, हे वजन वाढलं, केस गेले तरी फारसं बदलत नाही. जुन्या फोटोंचे जाणकार नाक-डोळ्यांआधी कान जुळवतात ते त्यामुळेच.

भलत्या जर्सीतला ओळखीचा माणूस

रूथ म्हणजे ढेरपोट्या यांकी, हे चित्र डोक्यातून काढा. १९१४ ते १९१९ तो बॉस्टनचा सडपातळ पिचर होता. १९२७ च्या दौऱ्यात 'बस्टिन बेब्ज' हे स्वतःच्या टीमचं नाव लिहिलेल्या गडद शर्टात आहे आणि १९३८ मध्ये डॉजर्सचा कोच म्हणून पाठीवर ३५ घेऊन उभा आहे. कॉब, स्पीकर आणि कॉलिन्स १९२८ मध्ये तिघेही फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सच्या कपड्यांत सापडतात. जॅकी रॉबिन्सनही १९४५ मध्ये कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून खेळला. निग्रो लीगचे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमधले खेळाडू विचारातच न घेणं ही आणखी एक नेहमीची चूक. पिट्सबर्गच्या टीनी हॅरिसने काढलेला जॉश गिब्सनचा फोटो समोर येतो आणि लोक यांकीजची यादी चाळत बसतात.

स्फिंक्ससमोरचा ग्रुप फोटो आला तर दोन दौरे लक्षात ठेवा. खेळाचं सामान विकणाऱ्या स्पॉल्डिंगने नेलेली खेळाडूंची मंडळी तिथे १८८९ मध्ये गेली, न्यूयॉर्क जायंट्स आणि शिकागो व्हाइट सॉक्स १९१४ मध्ये. (दोन्ही वेळा बोट कोलंबोला थांबली, मुंबईकडे काही वळली नाही.) झुपकेदार मिशा भरपूर असतील तर पहिला दौरा. १९१४ पर्यंत मिशा मैदानावरून जवळपास गायब झाल्या होत्या आणि १९७२ मध्ये ओकलंडच्या टीमने त्या परत आणल्या.

दोन नावांवर गाडी अडली तर

खेळाडू सोडा, मागची भिंत बघा. बॉस्टनच्या फेनवे पार्कची डावीकडची उंच भिंत जाहिरातींनी भरलेली असेल तर फोटो १९४७ च्या आधीचा. त्या साली ती हिरवी रंगवली. ब्रुकलिनचं एबेट्स फील्ड मैदान असेल तर १९१३ ते १९५७. स्टुडिओतला फोटो असेल आणि चेंडू हवेत थांबलेला वाटत असेल तर त्याच्या वर दोरा दिसतो का शोधा. १८८० च्या दशकाअखेरीस 'ओल्ड जज' सिगारेटच्या कार्डांसाठी चेंडू दोऱ्याने टांगून फोटो काढत. एवढं झालं की बेसबॉल रेफरन्स या वेबसाइटवर त्या टीमची त्या सालची यादी उघडा. दोनपैकी एक तिथे बहुतेक नसतोच. उत्तर लिहिताना पहिलं नावही लिहा, कारण नुसत्या 'वेनर'ला गुण मिळत नाहीत.