निरभ्र आकाशातला टर्ब्युलन्स : अंदाज काढताना या चुका टाळा

ढग नसतानाही विमानाला बसणाऱ्या हादऱ्यांचा (टर्ब्युलन्सचा) अंदाज देणाऱ्या एलरॉड निर्देशांकाचं सूत्र छोटं आहे: वाऱ्याचा उभा शिअर (उंचीनुसार वाऱ्यात होणारा बदल) गुणिले डिफॉर्मेशन (वाऱ्यामुळे हवेचं आडवं ताणलं-दाबलं जाणं). नवशिके ते तासाभरात कोडमध्ये बसवतात आणि लाल-पिवळा नकाशा उमटला की काम झालं असं धरून चालतात. ही घाई मला खटकते.

वारंवार दिसणारी चूक अक्षांशांच्या क्रमाची. ईआरए-५ चा, म्हणजे जुन्या हवामानाच्या जागतिक नोंदसंचाचा, डेटा उत्तरेकडून दक्षिणेकडे मांडलेला असतो. ओळींमधलं अंतर धन धरून फरक काढला की चिन्ह फिरतं आणि डिफॉर्मेशनच्या एका घटकाजागी व्हॉर्टिसिटी (हवेचं गोल फिरणं), दुसऱ्याजागी डायव्हर्जन्स (हवेचं पसरणं) येऊन बसतो. प्रोग्राम कुठेही अडत नाही. एका हिवाळ्यात एक होतकरू मुलगा उत्तर भारताचा असाच नकाशा घेऊन आला. जेट (उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा) सरळ वाहत होता तिथे सगळं बरोबर, कारण डिफॉर्मेशन घटकांचे वर्ग करून काढतात आणि तिथे वर्ग केल्यावर उलट्या चिन्हाचा फरक पडत नाही. पण पश्चिमी विक्षोभाच्या ट्रफमध्ये (कमी दाबाच्या पट्ट्यात), जिथे हवा नुसती गोल फिरत होती, तिथे भडक लाल डाग. पुढे जिथे प्रवाह एकत्र येत होते तो पट्टा कोरा, आणि वैमानिकांचे मध्यम टर्ब्युलन्सचे रिपोर्ट नेमके तिथूनच आलेले. त्याने दोन आठवडे थ्रेशोल्ड (कुठल्या आकड्यापासून लाल रंग द्यायचा त्या मर्यादा) बदलून पाहिले होते, कोड एकदाही तपासला नव्हता.

मी कुठल्याही नव्या कोडला आधी खोटा वारा देते: u = −y, v = x (u म्हणजे वाऱ्याचा पूर्व-पश्चिम घटक, v उत्तर-दक्षिण), म्हणजे ताटासारखा एकसंध फिरणारा. डिफॉर्मेशन शून्य आलं पाहिजे. नाही आलं तर खरा डेटा उघडायचाच नाही. मेटपायसारखं हवामानाच्या गणितांचं तयार पायथन पॅकेज वापरलं तरी ही चाचणी मी सोडत नाही.

ईआरए-५ मधला जिओपोटेन्शियल (उंची गुणिले गुरुत्वत्वरण) ९.८०६६५ ने भागल्याशिवाय उंची मिळत नाही. ते विसरलात तर शिअर जवळपास दहापट कमी दिसतो आणि जानेवारीतलं आकाशही शांत वाटतं. २५० ते २०० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळ्यांमधल्या थराची जाडी साधारण १४०० ते १५०० मीटर येते का, तेवढं छापून बघा.

शिअरसाठी वेगांची वजाबाकी नको, u आणि v ची वेगवेगळी करा.

जेटचा गाभा लाल रंगवू नका. उभा शिअर गाभ्याच्या वर आणि खाली असतो.

नकाशा वैमानिकांच्या रिपोर्टशी पडताळताना गडगडाटी ढगांजवळचे रिपोर्ट काढून टाका. रिपोर्ट नाही म्हणजे हवा शांत होती, असंही धरू नका. वैमानिकाने उड्डाणाची पातळी बदललेली असू शकते.

आणि दुसऱ्याच्या पेपरमधले थ्रेशोल्ड उचलू नका. मॉडेलची ग्रिड (नकाशावरच्या चौकटी) बारीक झाली की निर्देशांकाचे आकडे वाढतात, त्यामुळे ते आपल्याच मॉडेलच्या जुन्या हिवाळ्यांवर बसवावे लागतात.