ढेकूण चादरीवर शोधू नका: हॉटेलची खोली घेताना या चुका टाळा

नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू झाले की सीताबर्डी, गणेशपेठ आणि सेंट्रल अव्हेन्यू या भागांत खोली मिळणे हेच मोठे काम होऊन बसते, आणि मिळालेली खोली नीट पाहून घ्यावी हे कोणाच्या ध्यानातही राहत नाही. बाहेरगावच्या पाहुण्यांची सोय लावण्याचे काम आमच्या घरात माझ्याकडे असल्यामुळे त्याच त्या चुका मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे चादर उचलून गादीच्या मधोमध नजर टाकायची आणि खोली स्वच्छ आहे असे ठरवून मोकळे व्हायचे. चादर धुलाईला जाते, ढेकूण जात नाही. तो राहतो गादीच्या काठाच्या शिवणीत, गोटाच्या दुमडीत, गादीला शिवलेल्या लेबलाखाली, पलंगाच्या प्लायवूडच्या सांध्यांत, स्क्रूच्या छिद्रांत आणि विशेषतः डोक्याकडच्या फळीमागे, कारण झोपलेल्या माणसापासून फार दूर राहणे त्याला परवडत नाही. पूर्ण वाढलेला ढेकूण पाच मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मसुराच्या दाण्याएवढा असतो. पण पोट रिकामे असताना तो इतका चपटा असतो की एटीएम कार्ड जाईल त्या फटीत तोही सहज मावतो. अंडे जेमतेम एक मिलिमीटरचे, पांढरे आणि लाकडाला चिकटलेले असते. म्हणून मी जिवंत ढेकूण शोधत बसत नाही, त्याच्या खुणा शोधतो. शिवणीवर काळे ठिपके दिसले की ओल्या कापसाने घासून पाहतो; ते तांबूस-तपकिरी होऊन पसरले तर ती ढेकणांचीच विष्ठा आहे असे समजून मी खोली नाकारतो. फिकट पिवळसर, पोकळ कात सापडली तर घासून पाहण्याचीही गरज उरत नाही.

माझा एक चुलतभाऊ उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातील एका तारखेसाठी चंद्रपूरहून आला होता आणि घाईत त्याने स्वतःच एका लॉजवर खोली घेतली. सकाळी मी भेटायला गेलो तेव्हा तो मान खाजवत बसला होता, तरीही म्हणाला, ‘दादा, चादर एकदम पांढरी होती न, पाहून घेतलं मी.’ डोक्याकडची फळी भिंतीवर दोन कड्यांना टांगलेली होती. ती आम्ही दोघांनी वर उचलून अलगद पुढे घेतली तेव्हा मागच्या बाजूला, सनमायकाची कड सुटलेल्या ठिकाणी, काळ्या ठिपक्यांचा बोटभर रुंद पट्टा दिसला. त्या फटीतून जुने व्हिजिटिंग कार्ड फिरवले तेव्हा आधी काती पडल्या आणि पाठोपाठ रक्त पिऊन लालबुंद झालेले एक पिल्लू कार्डाच्या कडेवर चढून आले. चादर मात्र खरोखरच पांढरी होती.

दुसरी चूक तिथेच घडली. व्यवस्थापकाने लगेच शेजारची खोली देऊ केली आणि भावाने आनंदाने बॅग उचलली. ढेकणाला पंख नसतात, उडीही मारता येत नाही, पण तो चालतो चांगला, आणि विजेच्या पाइपातून, स्विचबोर्डामागून, भिंतीच्या भेगांतून पलीकडच्या खोलीत जातो. त्यामुळे एका खोलीत ढेकूण सापडले की तिच्या बाजूची, वरची आणि खालची खोली मी घेत नाही. दुसरा मजला किंवा इमारतीचे दुसरे टोक मागतो, तिथेही तपासणी पहिल्यापासून करतो, आणि तसे मिळत नसेल तर पैसे परत मागून सरळ बाहेर पडतो. अधिवेशनाच्या दिवसांत हे जड जाते हे मला मान्य आहे, तरी घरचा पलंग ढेकणांनी भरणे त्याहून जड जाते.

बाकीच्या चुकांसाठी फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. तपासणी पूर्ण होईपर्यंत बॅग पलंगावर किंवा गालिच्यावर ठेवू नये. बाथरूमच्या कोरड्या फरशीवर ठेवावी. ट्यूबलाइटच्या उजेडावर विसंबू नये, मोबाइलची बॅटरी शिवणीला तिरपी धरावी. भाडे जास्त आहे म्हणून ढेकूण नसतील असे मानू नये, कारण ते पाहुण्यांच्या सामानातून येतात आणि त्यांना भाड्याशी काही देणेघेणे नसते. अंगावरच्या चट्ट्यांवरूनही निष्कर्ष काढू नये. काहींना चट्टे उठतच नाहीत, काहींना कित्येक दिवसांनी उठतात, आणि डासांच्या चाव्यांपासून ते ओळखणेही अवघड असते.

खिशातला स्प्रे मारून निर्धास्त झोपणाऱ्या उतावळ्या मंडळींबद्दल मात्र मला सहानुभूती नाही. नेहमीच्या पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशक औषधांना अनेक ठिकाणचे ढेकूण आता दाद देत नाहीत, फवारा फटीच्या तोंडाशीच थांबतो, आणि रात्रभर ते औषध नाकात जाते ते वेगळेच.

शंका आली असेल तर घरी पोहोचल्यावर बॅग शयनगृहात नेऊ नये. कपडे साठ अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावेत. जे धुता येत नाहीत ते उणे अठरा अंशांच्या फ्रीझरमध्ये किमान चार दिवस ठेवावेत. नागपूरचे मे महिन्यातले ऊन ढेकूण मारायला पुरेल या भरवशावर पुष्कळ जण बॅग गच्चीवर टाकून देतात. पण ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो आणि कपड्यांच्या घडीत आत बाहेरच्याइतके तापत नाही. मी स्वतः रिकामी बॅग उलटी करून, तिच्या शिवणी आणि चाकांजवळच्या खाचा ताठ ब्रशने घासून, निघालेला कचरा साबणाच्या पाण्यात बुडवतो, आणि हे सगळे अंगणातच उरकतो.