किक मारून पाय दुखला तरी गाडी चालू होईना? आधी हे बघा

भाऊ, सगळ्यात आधी लाल किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) बघा, रावेरला केळीच्या बागेशी गाडी लावली की पोरं हात लावतात आन् आपण उगाच किका मारत बसतो. मग पेट्रोल, टाकीखालचा कॉक रिझर्व्हला फिरवा. तरी नाही? स्पार्क प्लग काढा, वायरच्या टोपीत परत बसवा, त्याचे आटे इंजिनच्या धातूला टेकवा पण प्लगच्या भोकापासून लांब, सांडलेलं पेट्रोल आधी पुसा, हे खरंच मनावर घ्या, आता किक मारा, निळी ठिणगी कडक पडली तर करंट ठीक. प्लग काळा असला तर पॉलिश पेपरने घासा. ओला असला म्हणजे पेट्रोल जास्त झालंय, पुसून लावा, चोक बंद, रेस पूर्ण पिळून चार-पाच किका. सेल्फला नुसतं टकटक वाजतंय? बॅटरी उतरलीय नाहीतर टर्मिनल ढिलं झालंय.