शुगर लो झाली तर घरात काय करावे

संकष्टीला चंद्रोदय बहुधा रात्री नवाच्या आसपास असतो; मधुमेहासाठी सकाळी घेतलेली ग्लिमेपिराइडची गोळी मात्र चंद्राची वाट पाहत नाही. माझ्या आईच्या बाबतीत हे एकदा घडले. सायंकाळी सहाच्या सुमारास ती मोदकांसाठी नारळ खवत होती. हात खवणीवरच थांबला, ती परातीकडे नुसती पाहत राहिली आणि काय होते आहे असे विचारताच, एरवी आवाज न चढवणारी ती, माझ्यावर खेकसली. पोलक्याची पाठ घामाने भिजली होती. रक्तातील साखर मोजणाऱ्या ग्लुकोमीटरवर आकडा आला 52. मी घाईघाईने डब्यातला शेंगदाण्याचा लाडू तिच्या हातावर ठेवला. तो लाडू देणे चूक होते. का, ते पुढे येईल.

मधुमेहाच्या रुग्णाच्या रक्तातील ग्लुकोज 100 मिलीलीटरमागे 70 मिलीग्रॅमच्या खाली गेले, की त्याला कमी साखर म्हणतात. 54 च्या खालचा आकडा गंभीर समजावा. आणि रुग्णाला स्वतःहून काही खाता येत नसेल, दुसऱ्याची मदत लागत असेल, तर आकडा कितीही असला तरी तो प्रसंग तीव्रच धरावा. मोठ्या माणसाच्या संपूर्ण रक्तात एरवीही ग्लुकोज जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचाभर असते. मेंदूचा बहुतेक सारा खर्च त्यावरच चालतो आणि यकृत आपल्या साठ्यातून भर घालत राहते. इन्शुलिन आणि स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावणाऱ्या गोळ्या यकृताचा हा हात रोखून धरतात. निरोगी माणूस दिवसभराचा उपवास सहज काढतो आणि मधुमेहाचा रुग्ण त्याच उपवासात कोसळतो, याचे कारण भूक नव्हे. पोटात अन्न नसताना औषधाचे काम चालूच राहते, हे आहे.

म्हणून पहिले काम म्हणजे आपण कोणती औषधे घेतो, ते नावानिशी जाणून घेणे. इन्शुलिन, तसेच ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड आणि ग्लिबेनक्लामाइड या गोळ्यांनी साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. नुसत्या मेटफॉर्मिनने तसे क्वचितच होते. आपल्याकडे अनेकांना दोन-तीन औषधे एकत्र असलेली गोळी मिळते आणि ती 'शुगरची गोळी' एवढ्याच नावाने ओळखली जाते. पाकिटावरची बारीक अक्षरे वाचून घ्यावीत. मूत्रपिंडे मंदावलेली असतील, तर यांपैकी काही औषधे शरीरात अधिक काळ रेंगाळतात, त्यामुळे वृद्धांनी विशेष सावध राहावे.

घाम, हातांची थरथर, छातीत धडधड, ओठांना मुंग्या आणि अचानक लागलेली कडकडून भूक ही सुरुवातीची लक्षणे होत. त्यानंतर मेंदूची उपासमार दिसू लागते: जीभ जड होते, साधा हिशेब चुकतो, माणूस हट्टी किंवा चिडखोर होतो, दारू प्यायल्यासारखा वागतो. या टप्प्यावर रुग्ण "मला काही झालेले नाही" असेच सांगतो, म्हणून त्याच्याशी वाद न घालता रक्त तपासावे. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल, तर थरथर आणि धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो. साखर वारंवार उतरत असेल, तर शरीर हे इशारे देणेच कमी करते. रात्री भिजलेली उशी, भयंकर स्वप्ने आणि सकाळची डोकेदुखी हेही झोपेत साखर उतरल्याचे लक्षण असू शकते.

तपासण्यापूर्वी बोट साबणाने धुऊन कोरडे करावे. आंबा कापलेल्या किंवा गूळ फोडलेल्या हाताने तपासल्यास आकडा खोटाच वर दिसतो आणि सगळे निर्धास्त होतात. ग्लुकोमीटर जवळ नसेल आणि लक्षणे स्पष्ट असतील, तर न तपासताच उपचार सुरू करावा. थोडी साखर वाढल्याने होणारे नुकसान त्या मानाने क्षुल्लक असते.

उपचार मापाने करायचा असतो. रुग्ण शुद्धीवर असेल आणि त्याला नीट गिळता येत असेल, तर 15 ग्रॅम झटपट शोषली जाणारी साखर द्यावी: ग्लुकोज पावडरचे तीन छोटे चमचे पाण्यात कालवून, किंवा साध्या साखरेचे चार सपाट छोटे चमचे, किंवा नेहमीचे गोड शीतपेय अर्धा पेला, म्हणजे सुमारे 150 मिलीलीटर. 'डाएट' लिहिलेल्या पेयाचा उपयोग नाही. लहान मुलांना यापेक्षा कमी मात्रा लागते. ती डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावी. मग घड्याळ लावून 15 मिनिटे थांबावे आणि पुन्हा तपासावे. आकडा अजूनही 70 च्या खाली असेल, तर तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी. ही 15 मिनिटे फार लांब वाटतात. त्या अवधीत शेजारची काकू पेढा आणते, कोणी आणखी दोन चमचे साखर भरवतो आणि दोन तासांनी आकडा 300 वर जातो. लाडू, चॉकलेट, दूध किंवा साबुदाण्याची खिचडी यांतील स्निग्धांश पोट रिकामे होण्याचा वेग कमी करतो, म्हणून ते पदार्थ पहिल्या उपचारासाठी निरुपयोगी ठरतात. आईला दिलेला लाडू याच कारणाने चुकीचा होता. आकडा वर आल्यावर, पुढचे जेवण तासाभराहून लांब असेल, तर पोळी-भाजी किंवा दूध-केळे असे काही अवश्य द्यावे.

व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांसाठी एक अपवाद लक्षात ठेवावा. ही औषधे आतड्यात साध्या साखरेचे विघटन लांबवतात, त्यामुळे अशा रुग्णाला साखर नव्हे, तर ग्लुकोज पावडरच द्यावी लागते.

रुग्ण बेशुद्ध असेल किंवा त्याला झटके येत असतील, तर तोंडात काहीही घालू नये. साखरेचे पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवावे आणि 108 ला फोन करावा. घरात ग्लुकागॉन, म्हणजे यकृताला साठ्यातली साखर रक्तात सोडायला लावणारे औषध, असेल आणि ते देण्याचे शिक्षण मिळालेले असेल, तर ते द्यावे. मात्र दारू घेतल्यानंतर किंवा दीर्घ उपवासात यकृताचा साठा आटलेला असल्यास त्याचा प्रभाव कमी पडतो. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांमुळे साखर उतरली असेल, तर एकदा सावरलेली साखर काही तासांनी पुन्हा घसरू शकते. म्हणून बरे वाटू लागले तरी डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे आणि त्या रात्री रुग्णाला एकटे झोपू देऊ नये.

इन्शुलिनच्या बाबतीत एक चूक आपल्या देशात विशेष संभवते, आणि ती मला सर्वांत भीतिदायक वाटते. येथे कुपीतील इन्शुलिन मिलीलीटरमागे 40 युनिटचेही मिळते आणि 100 युनिटचेही. 40 साठीच्या सिरिंजचे टोपण लाल असते, 100 साठीच्या सिरिंजचे नारिंगी. 100 युनिटच्या कुपीतून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 10 च्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर प्रत्यक्षात 25 युनिट शरीरात जातात. दुकानदाराने "तीच आहे" असे सांगितले, तरी कुपीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा स्वतः जुळवून पाहावा. रोज एकाच जागी टोचल्याने तयार झालेल्या गाठीतून इन्शुलिन बेभरवशाने शोषले जाते, म्हणून जागा बदलत राहावी.

उपवास करावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न; मात्र उपवासाच्या दिवशीचे औषध आदल्या भेटीतच डॉक्टरांना विचारून ठरवावे, मनाने बंद करू नये की नेहमीप्रमाणे घेऊही नये. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' या म्हणीला हसणे सोपे आहे, परंतु निर्जळी उपवासापेक्षा ठरल्या वेळी फराळ करणारी एकादशी अशा रुग्णाला कितीतरी सुरक्षित असते. आईची संकष्टीच्या दिवशीची गोळी डॉक्टरांनी आता रात्रीच्या जेवणाशी जोडून दिली आहे, आणि दुपारी तिने काही खायचे हेही ठरले आहे.

ग्लुकोजचा डबा स्वयंपाकघरात, उशाशी आणि बाहेर नेण्याच्या पिशवीत, असा तीन ठिकाणी ठेवावा. पावसाळ्यात ती पूड दमट होऊन दगडासारखी घट्ट होते आणि ऐन वेळी चमचा आत जात नाही, म्हणून दर महिन्याला झाकण उघडून पाहावे.