नको म्हणण्याची वाट मोकळी ठेवून: मित्रांना आपला ख्रिस्ती विश्वास कसा सांगावा

काही वर्षांपूर्वी एका जवळच्या मित्राच्या वडिलांच्या दहाव्याला मी रामकुंडावर गेलो होतो. पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत नातेवाईक उन्हात उभे होते, आणि त्या खोळंबलेल्या वेळात मी मित्राच्या खांद्यावर हात ठेवून सार्वकालिक जीवनाविषयी बोलू लागलो. माझ्या मनात कळवळा होता, आणि तेव्हा जे बोललो त्यातला एकही शब्द मला आजही खोटा वाटत नाही. परंतु त्या घटकेला त्याच्या अंगी ऐकण्याचे बळ नव्हते आणि तिथून उठून जाण्याची सोयही नव्हती. पुढे जवळजवळ वर्षभर तो माझ्याशी कामापुरतेच बोलत राहिला. एकदा गंगापूर धरणाच्या रस्त्यावर गाडी थांबवून चहा घेताना त्याने स्वतःच विषय काढला आणि म्हणाला, “तू येशूविषयी बोललास याचं मला काही वाटलं नाही. मला नको म्हणता येणार नाही अशा जागी बोललास, याचं वाटलं.”

आपल्या नाशिक शहरातील मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सभासदांसाठी, मग ते शरणपूरचे असोत, नाशिकरोडचे असोत की देवळालीचे, मी पुढे जे लिहीत आहे ते या एका वाक्याभोवतीच आहे. मित्राला नको म्हणण्याची वाट मोकळी असेल, तरच त्याच्या ऐकण्याला काही किंमत असते.

मित्राला रस नाही, म्हणजे नेमके काय?

ज्याला आपण अनास्था म्हणतो, ती बहुतेक वेळा आपल्या बोलण्यापूर्वीच तयार झालेले एक उत्तर असते. मराठी घरात धर्मांतरासाठी ‘बाटणे’ हा शब्द आजही वापरला जातो, आणि त्यात जात गेली, आईवडील दुरावले, सणावाराला घर परके झाले, असे सगळे एकदम सामावलेले असते. आपण ‘शुभवर्तमान’, म्हणजे येशूविषयीची आनंदाची बातमी, म्हणतो तेव्हा समोरच्याला पुष्कळदा ‘हा मला बाटवणार’ एवढेच ऐकू येते. म्हणून पहिल्याच मोकळ्या संभाषणात हे स्पष्ट सांगून टाकावे: “माझ्या जगण्यात जे सर्वांत मोलाचं आहे ते तुला माहीत असावं, एवढंच मला वाटतं. तू ते मानलं नाहीस तरी आपली मैत्री आहे तशीच राहील.” हे वाक्य मनापासून येत नसेल, तर पुढचे काहीही बोलू नये.

सर्वांची अनास्था सारखी नसते. ‘सगळे देव एकच’ असे म्हणणारा मित्र सर्वांत लवकर सहमत होतो, आणि म्हणूनच त्याच्याशी बोलणे सर्वांत अवघड असते. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या देवस्थानात फेब्रुवारीतील यात्रेला येणाऱ्या गर्दीत बिगरख्रिस्ती लोक मोठ्या संख्येने असतात. ते नवस बोलतात, मेणबत्ती लावतात आणि समाधानाने घरी जातात. त्या नवसाला हसू नये, आणि ‘हे चूक आहे’ असे म्हणत सुरुवात तर मुळीच करू नये. “तू काय मागितलंस?” असे विचारावे. उत्तरात आजारी आई असते, लांबलेले लग्न असते, द्राक्षबागेचे कर्ज असते. त्याने ते सांगितल्यावर, ज्या बालकापुढे तो हात जोडून आला ते बालक मोठे होऊन कोणाच्या पंक्तीला बसले, कोणाला शिवले आणि कशासाठी मारले गेले, हे त्याला ऐकायचे आहे का, असे विचारता येते. बहुतेकांना ही गोष्ट माहीतच नसते, आणि ऐकायला आवडते.

बौद्ध मित्राशी बोलताना हा मार्ग चालत नाही. आपल्याच जिल्ह्यातील येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. त्याआधी १९३० पासून काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह झाला होता, आणि १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर त्यांच्या अनुयायांसाठी धर्म हा आत्मसन्मानाचा प्रश्न ठरला. अशा मित्राला ‘देव तुझ्यावर प्रेम करतो’ हे वाक्य काहीच सांगत नाही, कारण तो ईश्वराची कल्पनाच मानत नाही. शिवाय तो आपल्याला एक अगदी योग्य प्रश्न विचारतो: तुमच्या मंडळीत जात नाही का? याचे उत्तर खरे द्यावे. लग्न जुळवताना आपल्याकडेही मूळ जात विचारली जाते, हे कबूल करावे, आणि ते ख्रिस्ताच्या शिकवणीविरुद्ध आहे असे आपल्याला वाटते, हेही सांगावे. असे कबूल केल्यावर तो आपल्या पुढच्या बोलण्यावर विश्वास ठेवू लागतो. बुद्धिवादी मित्रालाही हेच लागू आहे: जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणावे, आणि पुनरुत्थानावर आपला विश्वास आहे हे आडपडदा न ठेवता सांगावे.

काहींना खरोखरच वेळ नसतो. सातपूरच्या कारखान्यात पाळी करून येणाऱ्या, घराचे हप्ते फेडणाऱ्या माणसाला धर्माचा कंटाळा नसतो, त्याला झोप हवी असते. त्याच्या मुलाची शिकवणी घ्यावी, त्याला रुग्णालयात डबा पोहोचवावा, आणि तेव्हा विश्वासाविषयी चकार शब्द काढू नये.

आपली भाषा

मंडळीतील मराठी आपल्या कानांना इतकी सवयीची झाली आहे, की ती बाहेर कशी ऐकू येते हे आपल्याला उमगत नाही. पापातून सुटका या अर्थी आपण ‘तारण’ म्हटले की सहकारी बँकेत खाते असणाऱ्या मित्राला कर्जासाठी गहाण ठेवलेले सोने आठवते. ‘पाप’ म्हटले की मांसाहार, विटाळ किंवा मागच्या जन्मीची कर्मे आठवतात. ‘कोकऱ्याच्या रक्ताने धुतलेला’ हे शब्द आपल्याला भक्तिभावाने भारून टाकतात. ज्याने जुना करार कधी उघडला नाही त्याच्या मनात मात्र देवीपुढचा बळी उभा राहतो. ‘अवतार’ हा शब्द सोपा वाटतो, पण तो वापरल्यावर मित्र येशूला दशावतारांच्या रांगेत बसवतो आणि संभाषण तिथेच संपते. त्याऐवजी सरळ सांगावे: देव दुरून पाहत राहिला नाही, तो माणूस होऊन आमच्यात राहिला, आमच्यासारखा दमला, रडला आणि मेला. पापाविषयी बोलताना आपण स्वतः कोणाला कसे दुखावले आणि त्याची माफी कशी मिळाली, हे सांगितले तर शब्दाचा अर्थ आपोआप उलगडतो. पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची अखेरची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतराला दिली, ती सामान्य बाईला वाचता यावे अशी भाषा हवी म्हणून. आपण घरच्या गप्पांत एवढे कष्ट तरी घ्यायला हरकत नाही.

ख्रिस्ती होणे म्हणजे परका होणे, हा समजही भाषेतूनच दूर होतो. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसते, की हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसवलेल्या ख्रिस्ती वस्तीचे आहे, आणि गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुले नाशिकच्या या मिशनमध्ये शिकली. त्यांपैकी जेकब वेनराइट १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत आफ्रिकेतील प्रवासी व मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या अंत्यविधीला शवपेटीसोबत होता. ही माहिती मित्राला कुतूहलाची वाटते. मात्र ती मिशन विलायती होती हेही लपवू नये.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचे उदाहरण मला याहून जवळचे वाटते. नाशिकमध्ये शिकलेल्या या कवीला आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपीय गृहस्थाने नवा करार दिला आणि तो वाचण्याचा आग्रह केला. वाचता वाचता टिळक डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि त्यांना पुस्तक खाली ठेववेना. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. यातून एवढे घ्यावे, की मित्राला तुकोबा प्रिय असतील तर आपणही तुकोबा वाचावेत, मनापासून वाचावेत. आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी अभंगाचा एखादा चरण तोडून वापरणे मित्राच्या लगेच लक्षात येते आणि त्याला ते लागते.

याच घरातील दुसरी बाजूही आपण शिकली पाहिजे. टिळकांनी पत्नीला विश्वासात न घेता बाप्तिस्मा घेतला आणि नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंच्या वाट्याला त्यामुळे जे दुःख आले, ते त्यांनी आत्मचरित्रात कसलीही सारवासारव न करता लिहिले आहे. त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या सुमारे पाच वर्षांनंतर, स्वतःच्या विचाराने. पाच वर्षे एका घरातील माणसाने ‘नको’ म्हणणे आणि तरीही नाते टिकणे, याकडे मी अनेकदा परत येतो.

प्रत्यक्ष बोलताना

आपली साक्ष, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ती हकीकत, पाच मिनिटांत सांगता येईल अशी आधी घरी बसून लिहून काढावी. तीत आधीचे आयुष्य होते त्याहून काळे रंगवू नये आणि नंतरचे उजळवू नये. ख्रिस्तावर विश्वास ठेवल्यानंतरही जे प्रश्न सुटले नाहीत, ते सांगावेत. बरे होण्याचे आश्वासन कोणालाही देऊ नये. आजारी मित्रासाठी प्रार्थना करायची असेल तर त्याची परवानगी घ्यावी, आणि औषध चालू ठेवण्याविषयी स्वतः बजावावे.

मित्राने वाचायला मागितले, तरच द्यावे, आणि जाड बायबल देण्याऐवजी मार्काचे शुभवर्तमान द्यावे. त्याचे सोळाच अध्याय आहेत आणि दोन तासांत वाचून होतात. ‘वाचलंस का?’ असे एकदा विचारावे, दुसऱ्यांदा विचारू नये. त्याच शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात एक धनवान मनुष्य येशूला नकार देऊन खिन्न होऊन निघून जातो. येशूची त्याच्यावर प्रीती आहे असे तिथे स्पष्ट लिहिले आहे, आणि तरीही तो त्याच्यामागे धावत नाही.

नाताळला घरी बोलवावे, करंज्या खाऊ घालाव्यात. उपासनेला बोलवायचे असेल तर तिथे काय घडते ते आधी सांगावे: कधी उभे राहतात, दानाची थैली फिरते तेव्हा काही टाकण्याची गरज नाही, आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, वेळी जागेवर बसून राहिले तरी चालते. ‘जेवण आहे’ सांगून जागृती सभेत नेऊन बसवणे ही फसवणूक आहे, आणि मी ती माफ करण्याजोगी मानत नाही.

आपणही त्यांच्याकडे जावे. गणपतीत प्रसाद हातावर ठेवला जातो तेव्हा काय करायचे, हे दारात उभे राहून ठरवता येत नाही. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठ ते दहा अध्याय याच पेचाविषयी आहेत, आणि आपल्यातील प्रामाणिक माणसेही त्यांतून वेगवेगळ्या निष्कर्षाला येतात. घ्यायचा नसेल तर यजमानीणबाईंना आधीच भेटून हळू आवाजात सांगावे, “काकू, आमच्यात प्रसाद घेत नाहीत, पण तुमच्या हातचा चहा मी घेणारच.” त्या समजून घेतात. पंक्तीत हात मागे घेतला तर मात्र त्यांचा अपमान होतो.

जिथे थांबलेच पाहिजे

राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ ने धर्म पाळण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे; दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केले. कायदा नसता तरी मी या मर्यादा पाळा असेच म्हटले असते. हाताखालच्या कामगाराशी, घरकामाला येणाऱ्या मावशींशी, आपल्याकडून उसने घेतलेल्या माणसाशी आपण होऊन हा विषय काढू नये, कारण त्यांना नको म्हणणे परवडत नाही. मित्राच्या अल्पवयीन मुलांशी आईवडिलांच्या माघारी बोलू नये. फी भरणे, नोकरी लावणे, किराणा देणे यांच्यासोबत विश्वासाचा उल्लेखही येता कामा नये.

आणखी एक गोष्ट आपल्या मंडळ्यांत सर्रास घडते, आणि ती बंद व्हावी असे मला कळकळीने वाटते. प्रार्थनासभेत उठून ‘माझा अमुक नावाचा मित्र ऐकू लागला आहे, त्याच्यासाठी प्रार्थना करा’ असे सांगितले जाते, आणि आठवडाभरात ते त्याच्या वाड्यात पोहोचते. मित्रासाठी रोज, नावानिशी प्रार्थना करावी. ती आपल्या खोलीत करावी.

तो खरोखर विचारू लागला, तर सर्वप्रथम त्याला घरी बोलण्यास सांगावे: पत्नीशी, आईशी, मोठ्या भावाशी. पाळकांकडे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंकडे, त्याला एकदम नेऊ नये. आधी आपल्याच घरी चहाला दोघांची गाठ घालून द्यावी. बाप्तिस्म्याचा विषय त्याने स्वतः काढेपर्यंत आपण काढू नये, आणि काढला तरी घरातील माणसांना कळल्याखेरीज तारीख ठरवू नये.

रामकुंडावरचा माझा मित्र आजही ख्रिस्ती नाही. वडिलांच्या श्राद्धाला मी दरवर्षी त्याच्याकडे जातो आणि उत्तम शुक्रवारी, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण करण्याच्या गुड फ्रायडेला, तो आमच्याकडे येतो. गेल्या वर्षी त्याने त्या दिवसाला ‘उत्तम’ का म्हणतात, असे विचारले, आणि आम्ही रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो.