नव्या भाषेचे ध्वनी आणि व्याकरण कसे रचावे

नवी भाषा रचायला बसणारे अनेक जण आधी लिपी काढतात. माझ्या मते ती सर्वांत शेवटी यावी. पहिले काम कानाचे आहे. सोलापुरात राहणाऱ्याला ही शिदोरी घरबसल्या मिळते, कारण पूर्व भागातील मागांच्या खडखडाटात तेलुगू, बाजारात कन्नड आणि दखनी, घरी मराठी, असे एकाच दिवसात कानावर पडते.

ध्वनींची यादी पंधरा-वीसच्या आत ठेवावी आणि प्रत्येक ध्वनी जोडीत तपासावा. ‘वेल’ आणि ‘वेळ’ यांत एका ध्वनीने अर्थ बदलतो, म्हणून ल आणि ळ वेगळे मोजायचे. दुनिया या अर्थाचे ‘जग’ आणि ‘शंभर वर्षे जग’ यातले ‘जग’ यांचे उच्चारही वेगळे आहेत, पण लिपीत दोन्हीकडे एकच ज आहे. लिपीपासून सुरुवात केली, तर असे भेद हातून निसटतात.

त्यानंतर शब्दाचा शेवट कशावर होऊ शकतो, हे ठरवावे. आपली ‘बस’ तेलुगूत आणि कन्नडमध्ये ‘बस्सु’ होते. माझ्या रचनेत च नाही आणि शब्द व्यंजनावर संपत नाही; त्यामुळे ‘चादर’ तिथे ‘सादरो’ होते. उसना शब्द असा आपोआप वळू लागला, की ध्वनींचे नियम पक्के झाले असे समजावे.

व्याकरणात, बोलणाऱ्याला काय सांगणे भाग आहे, हा खरा प्रश्न असतो. मराठीत ‘आला, आली, आले’ यांतून निवड करावीच लागते. तेलुगूत एकवचनी पुरुषासाठी ‘वच्चाडु’, तर स्त्री आणि वस्तू दोहोंसाठी ‘वच्चिंदि’. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असा आहे, कन्नडमध्ये मात्र एकटे ‘नावु’ पुरते.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ऐकीव माहितीचा भेद. मराठीतील ‘म्हणे’, कन्नडमधील ‘अंते’ आणि तेलुगूतील ‘अट’ हे तिन्ही एकच काम करतात, पण ते वगळले तरी वाक्य अडत नाही. मी तो भेद क्रियापदाच्या भूतकाळातच बसवला. ‘तेमी सादरो पुरेता’ म्हणजे विणकराने चादर विणली आणि मी ती विणताना पाहिले. ‘तेमी सादरो पुरेमे’ म्हणजे विणली म्हणे. असा नियम केला, की पुढचे प्रश्न उभे राहतात. स्वतःच्या झोपेविषयी कोणता प्रत्यय लावायचा? तुर्की भाषेत ‘मला झोप लागून गेली’ हे ‘उयुमुशुम’ असे न पाहिलेल्या घटनेच्या प्रत्ययाने सांगता येते, कारण ती गोष्ट जागे झाल्यावर कळते. मीही तोच मार्ग घेतला.

कर्ता आणि कर्म ओळखण्यासाठी शब्दक्रम पक्का ठेवावा किंवा प्रत्यय द्यावा. अनेक भाषा बोलल्या जाणाऱ्या, आजच्या पोलंडमधील बियालिस्तोक शहरात जन्मलेल्या झामेनहोफ यांनी 1887 साली मांडलेल्या एस्पेरांतो या रचलेल्या भाषेत कर्माला ‘न’ लागतो, म्हणून तिथे शब्द पुढेमागे करता येतात.

एवढे झाल्यावर दहा वाक्ये शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावीत आणि ऐकू येईल तसे देवनागरीत लिहून घ्यायला सांगावे. जिथे त्याच्या लेखनात दोन ध्वनींची गल्लत होते, तिथे त्यांपैकी एक काढून टाकावा आणि मगच लिपीला हात घालावा.